ट्रॉली चोरीपासून कशी सांभाळाल?

(शेतकरी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मी कृषिविद्या शिकवतो. ऊस, गहू, हरभरा हे माझे विषय. कुलूप आणि साखळीवर मी बोलावे हे आपणास थोडे नवल वाटेल. पण उसाचा हंगाम तोंडावर आला की ट्रॉल्या रात्री-अपरात्री शेताच्या बांधावर, कारखान्याच्या तळावर, रस्त्याच्या कडेला उभ्या राहतात आणि त्यातल्या काही सकाळी जागेवर नसतात. आमच्या घरची अशीच गेली, म्हणून हा विषय मी स्वतः मागून घेतला.

मी त्या वेळी पदव्युत्तर शिक्षण घेत होतो. घरी नेवासा तालुक्यात ऊस होता. जानेवारीतली गोष्ट. सकाळी टोळी भरणीला येणार म्हणून वडिलांनी रिकामी ट्रॉली फडाच्या कडेला सोडली आणि ट्रॅक्टर घरी आणला. ट्रॅक्टर घरी आणण्याचे कारण, त्यातले डिझेल आणि बॅटरी जाईल ही भीती. ट्रॉली कोण नेणार, असा आपला सर्वांचाच समज असतो. सकाळी तिथे फक्त दुसऱ्या ट्रॅक्टरच्या टायरचे माग होते. वस्तीवरच्या माणसांनी रात्री ट्रॅक्टरचा आवाज ऐकला होता. पण हंगामात रात्री ट्रॅक्टरच्या आवाजाने कोण उठून बसतो?

यात समजून घेण्याचा मुद्दा हा, की ट्रॉलीला इंजिन नाही, किल्ली नाही. तिचे पुढचे कडे कोणत्याही ट्रॅक्टरच्या हुकात बसते. एक ट्रॅक्टर, एक पिन आणि दोन मिनिटे, एवढेच भांडवल चोराला लागते. म्हणून राखण करायची ती मुख्यतः त्या कड्याची.

उभी करताना ट्रॉलीचे तोंड कधीही रस्त्याकडे ठेवू नये. चोराचा ट्रॅक्टर मागे सरकत कड्यापर्यंत सरळ यावा लागतो. ती वाटच राहू देऊ नये. दांडा भिंतीकडे किंवा मोठ्या झाडाच्या बुंध्याकडे करावा, किंवा दांड्यासमोर रोटाव्हेटर, पलटी नांगर असे जड अवजार आडवे टाकावे. याला एक पैसाही लागत नाही. लागतो तो दिवसभर थकल्यावर ट्रॉली मागे घेण्याचा पाच मिनिटांचा कंटाळा. आणि बहुतेक चोऱ्या त्या कंटाळ्यापायीच होतात, असे माझे मत आहे.

दुसरे काम म्हणजे कडे बुजवणे. कड्याच्या भोकात तंतोतंत बसेल अशी पोलादी पिन लेथवाल्याकडून करून घ्यावी. तिला वर कड्यात न शिरणारा मोठा माथा असावा आणि खालच्या टोकाला कुलपासाठी आडवे भोक असावे. ट्रॉली सोडली की ही पिन कड्यात घालून खालून कुलूप लावायचे. भोकच भरलेले असल्याने दुसऱ्या ट्रॅक्टरची पिन त्यात जात नाही. काही ट्रॉल्यांना कड्याऐवजी दोन पट्ट्या आणि त्यांना भोके असतात, तिथेही हीच युक्ती चालते. कुलूप उघडे लोंबत असेल तर पहारीने तुटते. म्हणून त्याच्याभोवती बसेल असा जाड पाइपचा तुकडा वेल्डिंग करून घ्यावा. हाताने किल्ली फिरवता यावी, पण पहार शिरू नये, एवढीच जागा ठेवावी. लेथवाल्याकडे जाताना भोकाचा आतला व्यास आणि पट्टीची जाडी मोजून न्यावी, अंदाजाने सांगू नये. सैल पिन काही कामाची नाही.

साखळीबद्दल बरेच गैरसमज आहेत. विहिरीवरची किंवा बैलाची साखळी गुंडाळून मन शांत होते, ट्रॉली शाबूत राहत नाही. साखळी घेताना दुकानातच कडीवर कानस घासून पाहावी. कानस घसरली तर पोलाद कठीण केलेले आहे. खाचा पडून लोखंडाचा चुरा निघाला तर ती साधी साखळी, कटरने एका दमात तुटणारी. साखळी चाकाच्या डिस्कच्या भोकातून आणि सांगाड्याच्या आडव्या चॅनेलवरून घ्यावी, म्हणजे चाक फिरणार नाही. नुसती दांड्याला किंवा फळक्याला बांधून उपयोग नाही. ती आवळून बांधावी, जमिनीवर लोळू देऊ नये. जमिनीवर पडलेल्या साखळीवर घण घालता येतो आणि कटरची एक दांडी भुईला टेकवून दुसऱ्या दांडीवर अंगाचा सगळा भार देता येतो. अधांतरी साखळीवर ते सोपे नसते. अर्थात बॅटरीवर चालणाऱ्या ग्राइंडरपुढे कोणतीही साखळी कायम टिकत नाही. कुलूप-साखळी आपल्याला वेळ मिळवून देते आणि चोराला आवाज करायला भाग पाडते. म्हणूनच ट्रॉली आवाज ऐकू येईल अशा अंतरावर, घराजवळ किंवा वस्तीजवळ असावी. आडरानातल्या कुलपाचा आवाज कोण ऐकणार?

हंगाम संपल्यावर ट्रॉली तीन-चार महिने पडून राहणार असेल, तर एक चाक काढून घरात ठेवणे सर्वांत उत्तम. पण हे काम रिकाम्या ट्रॉलीवर, सपाट कठीण जमिनीवरच करावे. दुसऱ्या चाकाला पुढून-मागून उटी लावावी, एक्सलखाली लाकडी ठोकळ्यांची पक्की रास द्यावी, आणि ट्रॉली नुसत्या जॅकवर असताना तिच्याखाली मुळीच जाऊ नये. काढलेले टायर उन्हापासूनही वाचते.

आता पुन्हा आमच्या ट्रॉलीकडे येतो. दोनेक महिन्यांनी ती दिसली. शेजारच्या जिल्ह्यात जुन्या ट्रॉल्यांची खरेदी-विक्री होते अशा एका आवारात वडील एका नातेवाइकाबरोबर गेले होते. रंग बदललेला, फळकी बदललेली. पण विटा वाहून तळाचा पत्रा जिथे झिजला होता तिथे वडिलांनी लावलेले ठिगळ तसेच होते. वडिलांनी त्यावर हात ठेवला आणि ही माझी ट्रॉली म्हणाले. मालकाने खरेदीची पावती पुढे केली. आमच्याकडे काय होते? गावच्या वर्कशॉपमध्ये करून घेतलेली ट्रॉली, तिचे बिल नाही, नोंदणी नाही, सांगाड्यावर नंबर नाही, एक फोटोसुद्धा नाही. ठिगळ काय, कोणत्याही ट्रॉलीला असते. वडील एसटीने परत आले. त्या दिवशी ते घरात कुणाशी फारसे बोलले नाहीत.

तेव्हा बंधूंनो, ट्रॉली बांधून ठेवणे जितके महत्त्वाचे, तितकेच ती आपली आहे हे दाखवता येणे महत्त्वाचे. मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे ट्रेलर हेही वाहनच आहे. ट्रॅक्टरची नोंदणी म्हणजे ट्रॉलीची नोंदणी नव्हे. ट्रॉली घेताना चासी नंबर असलेली, परिवहन कार्यालयात स्वतंत्र नोंद होणारीच घ्यावी. चार पैसे वाचतात म्हणून विनाकागद ट्रॉली करून घेणे किती महागात पडते ते मी सांगितलेच.

याशिवाय स्वतःची खूण करावी. गावाच्या नावाची आद्याक्षरे आणि गट नंबर वेल्डिंगच्या जाड रेघांनी तळाखालच्या आडव्या चॅनेलवर काढून घ्यावा. दुसरी खूण मागच्या फळक्याच्या चौकटीवर आणि तिसरी, जी फक्त घरच्यांनाच माहीत असेल अशी, कुठेतरी आत असावी. रंगाने लिहिलेले नाव तासाभरात रंगानेच जाते. वेल्डिंगची खूण घासून काढली तरी घासल्याचा वण राहतो आणि तोही बोलतो. मात्र एक्सलवर आणि कड्यावर वेल्डिंग करू नये. भार तिथेच येतो आणि उष्णतेने त्या जागी तडा जाण्याचा धोका असतो. कारखान्याने कोरलेल्या चासी नंबरला तर हातही लावू नये. चारही बाजूंचे, तळाचे, खुणांचे आणि ठिगळांचे फोटो मोबाइलमध्ये घ्यावेत, टायरच्या बाजूवरचे नंबर वहीत लिहावेत. मोबाइलही चोरीला जातो, म्हणून फोटो घरातल्या दुसऱ्या फोनवरही असू द्यावेत.

विम्याबाबत एकच पाहावे. पॉलिसीत ट्रॉलीची वेगळी नोंद आहे का, आणि पॉलिसी केवळ त्रयस्थ पक्षाची तर नाही ना? त्रयस्थ पक्षाच्या विम्यात आपल्या मालाच्या चोरीची भरपाई मिळत नाही.

इतके करूनही ट्रॉली गेलीच, तर दुपारपर्यंत शोधाशोध करत बसू नये. आधी पोलीस ठाणे गाठावे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे हद्द कोणतीही असली तरी खबर नोंदवून घ्यावी लागते, आणि तिची प्रत विनामूल्य मिळते. खबर इलेक्ट्रॉनिक मार्गानेही देता येते, मात्र तीन दिवसांच्या आत जाऊन सही करावी लागते. विमा कंपनीला त्याच दिवशी लेखी कळवावे. ट्रॅक्टर चोरीच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली असे म्हटले, की पोलिसांत फिर्याद तातडीने दिलेली असेल, तर केवळ कंपनीला कळवण्यास उशीर झाला म्हणून खरा दावा फेटाळता येत नाही. पण त्यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागू नये हे बरे.

आणि स्वस्तात मिळते म्हणून बिनकागदाची जुनी ट्रॉली आपणही घेऊ नये. चोरीचा माल आहे हे ठाऊक असताना, किंवा तसे मानायला कारण असताना तो घेणे हा भारतीय न्याय संहितेप्रमाणे गुन्हा आहे. आमच्या ट्रॉलीला गिऱ्हाईक मिळाले ते अशाच कुणा शेतकऱ्याचे.

आज घरी गेल्यावर आपल्या ट्रॉलीच्या सांगाड्यावरचा चासी नंबर शोधा. चिखलाने किंवा गंजाने बुजला असेल तर तारेच्या ब्रशने हलकेच साफ करा, नोंदणी पुस्तकातल्या नंबराशी ताडून पाहा आणि वरून पातळ तेलाचा हात फिरवा.