गल्लीतला फड

शाळा उघडण्यापूर्वी नवे कपडे घ्यावयाचे, तर पैसे आणावयाचे कोठून? न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात राहणाऱ्या सिंडी कॅम्पबेल या मुलीपुढे १९७३ च्या उन्हाळ्यात हा प्रश्न उभा होता. तिने राहत्या इमारतीतील सामाईक खोली भाड्याने घेतली, मुलींना २५ सेंट आणि मुलांना ५० सेंट असे प्रवेशमूल्य ठरविले आणि तबकड्या वाजविण्याचे काम आपल्या १८ वर्षांच्या भावाकडे सोपविले. ११ ऑगस्टच्या त्या रात्रीपासून हिपहॉप या कलेचा जन्म मोजण्याचा प्रघात आहे. वस्तुतः कला अशी एका रात्रीत जन्मत नाही. पण तिच्या पाळण्याशी कपड्यांची चणचण होती, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

तो भाऊ, क्लाइव्ह कॅम्पबेल, म्हणजेच कूल हर्क, जमैकातून आलेला. त्याची युक्ती साधी होती. गायन थांबून नुसता ताल उरतो, त्या काही क्षणांची नाचणारी मुले वाट पाहतात, हे त्याने हेरले. मग एकाच गाण्याच्या दोन तबकड्या शेजारी शेजारी ठेवून, एकीवरील तालाचा तुकडा संपताच दुसरीवरील तोच तुकडा तो सुरू करी. क्षणाचा ताल असा हवा तितका वेळ चाले. त्यावर शब्द फेकणारा तो रॅपगायक, अंग झोकून नाचणारा तो बी-बॉय. भिंतीवर रंगाने नाव कोरणारेही याच गोतावळ्यात येऊन मिळाले. महामार्गासाठी वस्ती चिरली गेलेली, घरांना आगी लागलेल्या, आणि १९७५ च्या आर्थिक संकटानंतर सरकारी शाळांतील संगीतशिक्षकांवर गदा आलेली. ज्यांना वाद्य हाती मिळाले नाही, त्यांनी वाजविण्याचे यंत्रच वाद्य केले.

मराठी माणसाला यात फार परके वाटण्याचे कारण नाही. कलगी आणि तुरा या दोन पक्षांचे शाहीर समोरासमोर उभे राहून सवाल टाकीत, जबाब मागत आणि उत्तर न सुचणाऱ्याची भर फडात फजिती होई. रॅपगायकांची झुंज याहून निराळी नव्हे. पुढे मुंबईच्या कामगार वस्त्यांतून हीच परंपरा नव्या आशयाने गर्जली. अण्णाभाऊ साठे वाटेगावाहून मुंबईस आले ते जवळजवळ निरक्षर. दुकानांच्या पाट्या आणि भिंतीवरील जाहिराती हेच त्यांचे अंकलिपीचे पुस्तक ठरले. वामनदादा कर्डकांचेही तसेच. १९४४ साली अण्णाभाऊ, अमर शेख आणि गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभारले, तेव्हा त्यांना कोणी ‘कलाशिक्षण’ दिले नव्हते. उपेक्षित वस्तीला भिंती शिकवितात, हे मुंबईने ब्राँक्सच्या आधीच पाहिले होते म्हणावयाचे!

आता धारावीकडे वळावे. कुंभारवाड्याचा धूर, चामड्याचे कारखाने, तिरुनेलवेलीकडून आलेली तमिळ कुटुंबे, मराठी आणि उत्तर हिंदुस्थानी बिऱ्हाडे, हे सारे अडीच चौरस किलोमीटरही नसलेल्या जागेत. येथे २०१५ साली समीर बंगारा आणि डॉली रतेश्वर यांच्या पुढाकाराने ‘धारावी ड्रीम प्रोजेक्ट’ सुरू झाला आणि त्याची शाळा सुटल्यानंतरची शाळा भरू लागली. फी नाही. विषय म्हणजे रॅप, बी-बॉइंग, भित्तिचित्रे आणि बीटबॉक्सिंग, म्हणजे केवळ ओठ, जीभ आणि श्वास यांतून ढोलाचा ठेका व झांजेची किणकिण काढणे. या शेवटच्या विषयाला साहित्याचा खर्च शून्य. तबल्याचे बोल तोंडाने म्हणणाऱ्या देशात तो रुजला नसता तरच नवल.

अशा वर्गाचा खरा लाभ कोणता? प्रसिद्धी, असे उत्तर सर्रास दिले जाते. त्याला कारणही घडले. कुर्ल्याच्या नेझीने आयपॅडच्या साहाय्याने आपले गाणे चित्रित केले. अंधेरीच्या डिवाइनबरोबरचे त्याचे गीत २०१५ साली गाजले. त्या दोघांच्या आयुष्यावरून स्फुरलेला झोया अख्तर यांचा ‘गली बॉय’ २०१९ मध्ये आला. धारावीच्याच ‘डोपॅडेलिक्स’ या चमूचा आवाज २०१८ च्या ‘काला’ या तमिळ चित्रपटात ऐकू आला. परंतु पडद्यावर पोहोचणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. उरलेल्या मुलांचे काय? हा प्रश्न टाळून कलाशिक्षणाचे गोडवे गाणे म्हणजे सोडतीच्या तिकिटाला शिष्यवृत्ती म्हणणे होय.

उरलेल्या मुलांना मिळते ते निराळे. यमक जुळवायचे तर शब्दसंग्रह वाढवावा लागतो. सोळा मात्रांत बसवायचे तर फापटपसारा छाटावा लागतो. दहाजणांच्या रिंगणात आपली पाळी येईपर्यंत दुसऱ्याचे नीट ऐकावे लागते, कारण उत्तर त्यालाच द्यावयाचे असते. शाळेच्या निबंधात ‘माझा आवडता ऋतू’ लिहिणारा मुलगा येथे नळाच्या रांगेवर लिहितो. मुलींची गोष्ट अधिक अवघड: संध्याकाळी गल्लीत उभे राहून मोठ्याने बोलणे हीच त्यांच्यापुढची पहिली पायरी, यमक त्यानंतरचे.

बोलण्याची किंमतही असते. तमाशावरील बंदी अण्णाभाऊंनी सोसली होती. २०२३ साली महाराष्ट्रात दोन तरुण रॅपगायकांवर त्यांच्या राजकीय गाण्यांमुळे गुन्हे नोंदले गेले. तरुणांना आवाज द्यावा असे म्हणणाऱ्यांनी तो आवाज गैरसोयीचा निघाल्यास काय करावयाचे, हेही आधीच ठरवून ठेवलेले बरे.

मुंबईच्या ‘स्वदेसी’ या चमूने २०१९ साली ‘द वारली रिव्होल्ट’ हे गीत काढले. आरेच्या जंगलात मेट्रोच्या कारशेडसाठी झाडे तोडण्याचा बेत होता. चमूतील मवालीची मराठी आणि त्याच्या जोडीला आरेतील आदिवासी प्रकाश भोईर यांचा कंठ, असे ते गाणे. ऑक्टोबरमध्ये एका रात्री न्यायालयाचा निर्णय येताच करवती चालल्या आणि दोन हजारांहून अधिक झाडे पडली. ते गीत मात्र पुढेही ऐकले जात राहिले, आणि भोईरांच्या पाड्यातील वारली बोली, जी ऐकण्याची वेळ शहरातील मुलांवर एरव्ही कधी आलीच नसती, ती त्यांच्या कानांवर पडली.