विणले, पण कसे?

(हस्तकला प्रदर्शनाच्या दिवशी विद्यार्थ्यांपुढे केलेले भाषण)



आजीची साडी विणलेली असते. आजीने सुयांवर केलेला स्वेटरही विणलेलाच! मराठीत दोन्हींना एकच शब्द. पण हे विणणे एक नव्हे, बरे का!

गणवेशाच्या सदऱ्याला पुढे बटणे असतात. खेळाच्या टी-शर्टला ती नसली तरी चालते. गळा एवढासा, तरी त्यातून डोके आरपार जाते. असे का?

खिशातला सुती रुमाल काढा. दोन बाजू धरून सरळ ओढा. फारसा लांबत नाही. आता समोरासमोरचे कोपरे धरून तिरका ओढा. लांबला ना?

रुमालाचे कापड मागावर विणतात. मागावर आधी उभे धागे घट्ट बांधतात. तो ताणा. मग धोट्यातला आडवा धागा एका उभ्या धाग्याच्या वरून, दुसऱ्याच्या खालून जातो. तो बाणा. सरळ ओढले की हे धागेच आपल्याला अडवतात. तिरक्या दिशेला मात्र एकही धागा नसतो. तेथे धागे नुसते कलतात आणि रुमाल लांबतो. (धाग्यात रबरासारखा धागा मिसळला असेल, तर गोष्ट वेगळी.)

टी-शर्टचे कापड भिंगातून पाहा. त्यात ताणा नाही, बाणाही नाही. स्वेटरसारखेच बारीक टाके आहेत, एका फासातून दुसरा फास. ओढला की फास लांबट होतो, सोडला की पुन्हा पूर्वीसारखा. म्हणून डोके आत जाते! पण एक फास तुटला की शेजारचेही सुटू लागतात. स्वेटरचे भोक बघता बघता मोठे होते, ते यामुळेच.

आपल्या मॉरिशसमध्ये १९७० साली निर्यातीच्या कारखान्यांसाठी कायदा झाला. त्यानंतर येथे स्वेटर आणि टी-शर्ट तयार करणारे पुष्कळ कारखाने निघाले. तुमच्यापैकी कोणाची आजी तेथे कामाला असेल. घरी जरूर विचारा.

नमदा नावाच्या कापडात तर धागाच नसतो. लोकर गरम पाण्यात, साबणात भिजवून चोळतात, दाबतात. तिचे तंतू एकमेकांत गुंततात. नमदा कापला तरी कडेने धागा निघत नाही. निघणार कुठून?

आता पुन्हा साडीकडे या. साडीचे काठ उसवत नाहीत, कारण तेथे बाणा वळून मागे येतो. पदराच्या टोकाला मात्र ताण्याचे धागे कापलेले असतात. म्हणून तेथे गाठी मारून गोंडे करतात. घरी गेल्यावर आजीच्या साडीचा काठ आणि पदर हातात घेऊन पाहा. गोंडे मात्र ओढू नका हं, आजी रागावेल!