गाभ्यांतलें कुलूप

संगणकाच्या कार्यप्रणालीचा जो अगदीं आंतला गाभा, त्यास कर्नेल म्हणतात. पलटणींतल्या कर्नलाशीं त्याचा कांहींएक संबंध नाहीं. तारेंतून येणारें संदेशाचें प्रत्येक पुडकें प्रथम याच्याच हातीं पडतें. तेव्हां गुप्त लिपीचें कुलूप घालावयाचें तर तें येथेंच घालणें सोयीचें. मग पत्र जावो कीं पैशाचा हिशेब जावो, प्रत्येक प्रोग्रॅमास तें निराळें शिकवावें लागत नाहीं.

जॉन गिल्मोर या अमेरिकन गृहस्थानें १९९६ सालीं मोठाच संकल्प सोडला. इंटरनेटवरील शेंकडा ५ वाहतूक त्याच वर्षीं चोरून ऐकणारांपासून सुरक्षित करावयाची! लिनक्सच्या गाभ्यांत आयपीसेक पद्धतीचें कुलूप बसविण्याच्या या उद्योगास फ्रीस्वॅन हें नांव मिळालें. परंतु त्या वेळच्या अमेरिकन कायद्यानें बळकट गुप्तलिपी ही युद्धसामग्रींत गणली जाई, आणि परवान्यावांचून ती परदेशीं धाडणें हा गुन्हा होता. म्हणून लेखन झालें मुख्यतः कॅनडांत. अमेरिकन नागरिकाची एक ओळही घ्यावयाची नाहीं, असा कडक नियम होता. तो खुद्द गिल्मोरलाही लागू!

याचा भुर्दंड वापरणारांस पडला. हा भाग मूळ लिनक्समध्यें नसे. ज्यास तो हवा, त्यानें गाभ्याचा सर्व मूळ मजकूर आणावा, त्यास हें ठिगळ जोडावें, मग शेंकडों कलमांच्या यादींत प्रत्येकास 'होय', 'नाहीं' किंवा 'वेगळा तुकडा ठेव' असें उत्तर द्यावें, आणि सारें यंत्रभाषेंत उतरविण्याची आज्ञा देऊन वाट पाहत बसावें. एखादें महत्त्वाचें उत्तर चुकलें कीं यंत्र सुरूच होत नसे. म्हणून शहाणे लोक जुना गाभा शेजारीं राखून ठेवीत. एवढा खटाटोप किती जण करणार?

पहिली पूर्ण आवृत्ति निघाली एप्रिल १९९९ मध्यें. जानेवारी २००० मध्यें अमेरिकेनें निर्बंध सैल केले. डिसेंबर २००३ मध्यें लिनक्सच्या २.६ आवृत्तींत आयपीसेक आलें खरें, पण तें दुसऱ्यांनीं लिहिलेलें. २००४ सालीं फ्रीस्वॅन थांबलें. अनोळखी यंत्रांनींही आपसांत कुलूप लावावें, ही त्याची आवडती योजना. परंतु त्यासाठीं आपली किल्ली डीएनएसच्या जाहीर नोंदवहींत लिहून ठेवण्याचे श्रम फारच थोड्यांनीं घेतले.