माठातला थर्मामीटर

आज पदवी घेणाऱ्या मुलामुलींनो,

तुमच्यातले काही शिरूरचे, काही भीमा ओलांडून दौंडकडून आलेले. दोन्ही तालुके उसाचे. आपल्याकडे एखाद्या लहान पोराला मधुमेह निघाला की पहिलं बोलणं आईलाच ऐकावं लागतं, ‘गोड फार चारलंस.’ तेव्हा आधी हे ऐका, टाइप १ मधुमेह गोड खाऊन होत नाही. शरीराची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारून टाकते. मग बाहेरून इन्सुलिन द्यावंच लागतं. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत चौदा वर्षांच्या लेनर्ड थॉम्पसनला ते पहिल्यांदा टोचलं गेलं. त्याआधी अशी मुलं फार काळ जगतच नसत.

इन्सुलिन डॉक्टर लिहून देतात. रात्री दोनला उठून पोराचं बोट टोचून साखर बघतात ते आईबाप. म्हणूनच या आजारातल्या काही फार कामाच्या गोष्टी त्यांच्या हातून घडल्या.

न्यूयॉर्क राज्यातला जॉन कॉस्टिक सॉफ्टवेअरची नोकरी करणारा माणूस. २०१२ मध्ये त्याच्या चार वर्षांच्या मुलाला टाइप १ निघाला. पुढे मुलाच्या कातडीखाली सेन्सर बसवला. दर पाच मिनिटांनी साखरेचा आकडा एका छोट्या यंत्रावर उमटायचा. पण यंत्र मुलाजवळ शाळेत आणि बाप कामावर! २०१३ मध्ये त्याने ते यंत्र केबलने मोबाइलला जोडलं, आकडे इंटरनेटवर चढवले आणि ऑफिसात बसून बघू लागला. ट्विटरवर त्याने हे सांगताच तसेच अडलेले आणखी आईबाप जमले. त्यातून ‘नाइटस्काउट’ उभं राहिलं आणि त्याचा सगळा कोड कुणालाही फुकट खुला झाला. सेन्सरच्या कंपनीच्या स्वतःच्या तशा सोयीला अमेरिकेत मान्यता मिळाली ती जानेवारी २०१५ मध्ये.

नाइटस्काउट आकडा दाखवायचं, डोस ठरवत नव्हतं. डोस ठरवणारं यंत्र करायचं तर घाई चालत नाही. बॉस्टन विद्यापीठातले एड डॅमियानो यांच्या मुलाला तान्हेपणीच हा आजार जडला. तो कॉलेजला जाईपर्यंत आपोआप इन्सुलिन देणारा पंप तयार करायचा, असं बापाने ठरवलं. पोरगा कॉलेजात जाऊन मोठा झाला, तरी चाचण्या चालूच. ‘आयलेट’ला मान्यता मिळाली मे २०२३ मध्ये. बापाचा मुहूर्त हुकला, पण यंत्र आलं. मला हा उशीर मानाचा वाटतो.

आता आपल्या गावात या. सेन्सर पंधरवड्यात बदलायचा आणि प्रत्येकाला काही हजार मोजायचे. सगळ्यांना ते कुठून परवडणार? इथली अडचण आणखी साधी आहे. न उघडलेलं इन्सुलिन दोन ते आठ अंशांत ठेवायचं असतं. घरात फ्रिज नाही, किंवा आहे पण डीपी जळाला म्हणून तीन दिवस लाईट नाही. कुणी काळजीपोटी बाटली बर्फाला टेकवून ठेवतं. एकदा गोठलेलं इन्सुलिन वाया गेलं, पुन्हा वितळलं तरी वापरायचं नाही.

यावर माठाचा उपाय आहे. मोठ्या मडक्यात लहान मडकं, मधल्या फटीत ओली वाळू, आत झाकणाच्या डबीत कोरडी बाटली, वर ओलं फडकं, आणि सगळं सावलीत, वाऱ्याच्या तोंडाला. पाणी झिरपतं, उडतं आणि जाताना उष्णता घेऊन जातं. २०१६ मध्ये वेगवेगळ्या देशांतली अशी मडकी शास्त्रीय रीतीने तपासली, तेव्हा त्यांनी आतलं तापमान खरोखर उतरवलेलं दिसलं. जिनिव्हा विद्यापीठ आणि ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ यांनी २०२१ मध्ये दाखवलं की २५ ते ३७ अंशांत वरखाली होणाऱ्या तापमानातही इन्सुलिन चार आठवडे टिकतं. म्हणजे फ्रिज नसलेल्या घराने हाय खायचं कारण नाही. मात्र माठ म्हणजे फ्रिज नव्हे. हवा कोरडी असेल तर तो चांगला गार होतो, श्रावणात त्याचा जोर ओसरतो.

किती ओसरतो? न्हावऱ्याच्या माठात एप्रिलच्या दुपारी किती अंश असतात, केडगावच्या पत्र्याच्या घरात किती? आपल्याकडे याला जुगाड म्हणतात आणि हसून सोडून देतात. कॉस्टिकच्या केबललाही तेच म्हणता आलं असतं. त्याने आकडे उघड मांडले, म्हणून ते दुसऱ्याच्या पोराच्या कामी आले.

बी.एस्सी. झालेल्यांनो, तुम्हाला तक्ता करता येतो. कॉम्प्युटरवाल्यांनो, तुम्हाला तो फोनवर आणता येतो. कॉमर्सवाल्यांनी खर्च मांडावा. एक थर्मामीटर माठात, एक बाहेर. सकाळ, दुपार, रात्र नोंद, फडकं कधी ओलं केलं तेही लिहायचं. एप्रिलचा कागद आणि ऑगस्टचा कागद शेजारी ठेवून जवळच्या ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरांपुढे न्या. किती अंशांपुढे माठ चालणार नाही ते त्यांना ठरवू द्या. आणि ज्यांचं गाव इथून लांब आहे, त्यांनी जाण्याआधी माझ्याकडे गावाचं नाव लिहून द्यावं. थर्मामीटर मी देतो.