‘येऊन राह्यलो’ म्हणजे नेमकं कधी?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

इंग्रजीत ‘जस्ट नाऊ’ असा एक साधा शब्दप्रयोग आहे. ‘आत्ताच’ हा त्याचा अर्थ आपण शाळेत पाठ केला. पण मुलुख बदलला की त्याचं घड्याळही बदलतं. इंग्लंडमध्ये ‘ही केम जस्ट नाऊ’ म्हणजे तो नुकताच आला. स्कॉटलंडमध्ये ‘जस्ट नाऊ’ बरेचदा ‘सध्या’ या अर्थानं येतं. दक्षिण आफ्रिकेत मात्र कुणी ‘जस्ट नाऊ येतो’ म्हणाला, तर चहा टाकायची घाई करू नये. तो थोड्या वेळानं येईल, कदाचित बऱ्याच वेळानं. लवकर यायचं असेल तर तिथली माणसं ‘नाऊ नाऊ’ म्हणतात.

आपली मराठी तरी कुठे कमी आहे? ‘आत्ता आला’ हा भूतकाळ आणि ‘आत्ता येतो’ हा भविष्यकाळ, ‘आत्ता’ दोन्हीकडे एकच. घरातून हाक आली की आपण ‘आलोच’ म्हणतो. क्रियापद भूतकाळी, आणि माणूस अजून जागचा हललेलाही नसतो!

अमरावती-अकोल्याकडे या ‘आत्ता’साठी खास सोय आहे. ‘कुठीसा हायेस बे?’ असं मित्रानं फोनवर विचारलं की उत्तर येतं, ‘येऊन राह्यलो ना भाऊ!’ म्हणजे येत आहे, वाटेत आहे. मूर्तिजापूर गेलं की बडनेरा किती दूर, हे ज्याचं त्यानं ठरवावं. ‘निघून राह्यलो’ म्हणाला, तर मात्र गडी अजून घरीच आहे असं खुशाल समजावं.

पुण्याच्या कानाला ‘येऊन राहिलो’ म्हणजे ‘आलो आणि मुक्काम केला’. वऱ्हाडात तोच चालू वर्तमानकाळ. हिंदीतल्या ‘आ रहा हूँ’शी त्याचं नातं उघड दिसतं. आपला शेजारच हिंदीचा. 1903 पासून 1956 पर्यंत वऱ्हाडाचा कारभारही हिंदी मुलखाबरोबर एकाच प्रांतात चालला. ग्रिअर्सन यांच्या भाषा-सर्वेक्षणाचा मराठीला वाहिलेला सातवा खंड 1905 साली निघाला. त्यातही वऱ्हाडीची नोंद आहे.

हा भेद नुसता गमतीचा नाही. समजा, बाहेरगावचे नवे डॉक्टर खेड्यातल्या दवाखान्यात आले. एक मावशी म्हणाल्या, ‘डॉक्टरसाहेब, पोट दुखून राह्यलं.’ प्रमाण मराठीत ‘दुखायचं राहिलं’ म्हणजे दुखणं थांबलं. ‘राहिलं’ एवढंच डॉक्टरांच्या कानी पडलं, तर बाई बऱ्या झाल्या असं ते समजतील. बाईंना तर याच घडीला कळ येते आहे! उलट, ‘पोट दुखते’ एवढंच त्या म्हणाल्या असत्या, तर अधूनमधून दुखतं, असाही अर्थ निघाला असता. म्हणजे नेहमीचं दुखणं कोणतं आणि या क्षणाचं कोणतं, हे वऱ्हाडी बोली नीट वेगळं करते. ऐकणाऱ्यानं फक्त एक प्रश्न जास्तीचा विचारावा, ‘आता दुखते काय?’

वर्गातही हेच होतं. पहिलीतलं पोरगं ‘बाई, पाऊस येऊन राह्यला’ म्हणतं आणि वर्ग हसतो. चार वेळा हसू झालं की पोरगं बोलणंच सोडतं. शिक्षकांनी एवढंच सांगावं, ‘बरोबर आहे बाळा. पुस्तकात याला ‘पाऊस येत आहे’ म्हणतात.’ पोराला दोन मराठी येतील आणि एकीचीही लाज वाटणार नाही.

शब्दाचा अर्थ कोशात सापडतो. त्याची वेळ मात्र गावाला विचारावी लागते. जोहान्सबर्गला जाणाऱ्यानं ती विचारावी, तशीच अकोल्याला बदली होऊन येणाऱ्यानंही विचारावी. वऱ्हाडी माणूस आनंदानं सांगेल. आत्ताच, किंवा सांगून राह्यलो म्हणत थोड्या वेळानं!