पगाराचे प्रमाण आणि विश्वस्तपणाची कसोटी

(वर्धा जिल्ह्यातील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



बड्या कंपन्यांच्या संचालकांना किती मोबदला मिळावा, या प्रश्नाशी वर्ध्यासारख्या कापूस-सोयाबीनच्या जिल्ह्यातील कार्यकर्त्यांचा काय संबंध, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. शेअरबाजार मुंबईत, संचालक मंडळे मुंबई-पुण्यात. येथे आहेत ते शेतमजूर आणि जिनिंगमधले हमाल. परंतु धनिक हा संपत्तीचा मालक की विश्वस्त, या प्रश्नाची चर्चा वर्धा-सेवाग्रामच्या भूमीवर जितकी झाली, तितकी अन्यत्र क्वचितच झाली असेल. संचालकांचा मोबदला हे त्याच प्रश्नाचे आजचे रूप आहे.

२ मार्च १९३० रोजी गांधींनी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांना पत्र लिहिले. मिठाच्या सत्याग्रहाची पूर्वसूचना देणाऱ्या त्या पत्रात एक साधा हिशेब होता. व्हाइसरॉयचा पगार महिना २१,००० रुपये, म्हणजे दिवसाला सुमारे ७०० रुपये. हिंदी माणसाचे सरासरी उत्पन्न दिवसाला दोन आण्यांहूनही कमी. हे अंतर पाच हजार पटींच्या वर जाते. खुद्द ब्रिटनच्या पंतप्रधानाला मात्र तेथील सरासरी उत्पन्नाच्या नव्वद पटच मिळे. गांधींनी पुढे असेही नमूद केले की, व्हाइसरॉयला या पगाराची गरज नसावी आणि तो बहुधा सारा दानधर्मातच जात असावा. तरीही असा पगार देणारी व्यवस्था मोडीतच काढली पाहिजे. दानाने विषमतेचे समर्थन होत नाही, हा त्यातला मुद्दा आजही लक्षात ठेवण्याजोगा आहे. पुढच्याच वर्षी कराची काँग्रेसने सरकारी नोकराचा पगार सामान्यतः ५०० रुपयांहून अधिक नसावा, असा ठराव केला.

गांधी १९३४ मध्ये वर्ध्यास आले आणि १९३६ मध्ये शेगावी, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, राहू लागले. त्यांना येथे आणणारे जमनालाल बजाज हे विश्वस्त कल्पनेचे नामांकित उदाहरण मानले गेले. परंतु ही कल्पना एका शेठजींच्या सद्भावनेवर सोडून द्यावी, असा गांधींचा विचार नव्हता. किशोरलाल मश्रूवाला व नरहरी पारीख यांनी तयार केलेला आणि गांधींनी दुरुस्त केलेला विश्वस्त व्यवस्थेचा मसुदा १९५२ मध्ये ‘हरिजन’मध्ये छापला गेला. त्यात किमान वेतनाप्रमाणेच कमाल उत्पन्नालाही मर्यादा हवी, दोहोंतील अंतर वाजवी हवे आणि ते क्रमाने नाहीसे होत जावे, असे म्हटले आहे. गरज पडल्यास कायद्याने नियमन करण्यासही मान्यता आहे. डॉ. राममनोहर लोहियांनी १९६३ मध्ये लोकसभेत तीन आण्यांचा वाद उभा केला आणि किमान-कमाल उत्पन्नाचे प्रमाण एकास दहा असावे असा आग्रह धरला, तो याच धाग्याने.

आता आजचा कायदा पाहावा. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या १९७ व्या कलमानुसार सार्वजनिक कंपनीच्या सर्व संचालकांचा एकूण मोबदला निव्वळ नफ्याच्या ११ टक्क्यांपर्यंत असू शकतो. ही मर्यादा १९५६ च्या कायद्यापासून चालत आलेली आहे. ती ओलांडण्यासाठी पूर्वी केंद्र सरकारची परवानगी लागे. २०१८ पासून भागधारकांची मंजुरी पुरते. नफ्याच्या टक्क्यांत बांधलेली ही मर्यादा नफा फुगला की आपोआप फुगते. कामगाराच्या वेतनाशी तिचा काहीही संबंध नाही. मोठ्या कंपन्यांनी समाजकार्यावर खर्च करावयाचा किमान वाटा मात्र सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के आहे.

त्याच कलमाने एक हत्यारही दिले आहे. शेअरबाजारात नोंदलेल्या प्रत्येक कंपनीने संचालकाचा मोबदला तिच्या मधल्या कर्मचाऱ्याच्या वेतनाच्या किती पट आहे, हे जाहीर केले पाहिजे. गांधींचा १९३० चा हिशेब आज कायद्याने कंपन्यांवरच सोपविला आहे! परंतु यात एक मोठी पळवाट आहे. मधला कर्मचारी काढताना ठेकेदारामार्फत आलेले कंत्राटी कामगार जमेस धरले जात नाहीत. ज्यांच्या श्रमांवर यंत्रे चालतात आणि ज्यांचे वेतन सर्वांत तुटपुंजे, तेच हिशेबाबाहेर राहतात. त्यामुळे छापलेले अंतर खऱ्या अंतराहून कमी दिसते.

कर्तबगार माणसे हवीत तर पैसा मोजलाच पाहिजे, असे सांगितले जाते. कर्तबगारीचे मोल नाकारण्याचे कारण नाही. पण ते ठरवितो कोण? जुलै २०१४ मध्ये टाटा मोटर्सने नफा अपुरा पडलेल्या वर्षातील संचालकांचा मोबदला मंजूर करून घेण्यासाठी विशेष ठराव मांडले. आवश्यक ७५ टक्के मते मिळाली नाहीत आणि ठराव फेटाळले गेले. जानेवारी २०१५ मध्ये ते पुन्हा मतास टाकून मंजूर करून घेण्यात आले. भांडवल गुंतविणाऱ्याला निदान एकदा नकार देता आला. पिंपरीच्या कारखान्यात घाम गाळणाऱ्याला कामगार म्हणून तेवढेही मत नाही.

ही उणीव घटनाकारांच्या वारसांना ठाऊक नव्हती असे नाही. १९७६ मध्ये राज्यघटनेत ४३-अ हे कलम घालून व्यवस्थापनात कामगारांच्या सहभागाचे तत्त्व मान्य झाले. १९९० मध्ये त्यासाठी राज्यसभेत विधेयकही आले. त्याचा कायदा झाला नाही.

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. मोबदल्याचे प्रमाण काढताना कंत्राटी कामगार मोजले जावेत. मोबदला ठरविणाऱ्या समितीत कामगारांचे निवडून आलेले प्रतिनिधी असावेत. संचालकांच्या मोबदल्याची मर्यादा नफ्याऐवजी त्याच कंपनीतील सर्वांत कमी वेतनाशी बांधावी, म्हणजे वरच्याला वाढ हवी असेल तर आधी खालच्याला द्यावी लागेल. विश्वस्त आपला मेहनताना स्वतः ठरवीत नसतो. ज्यांच्यासाठी तो विश्वस्त असतो, त्यांना हिशेब विचारण्याचा अधिकार असतो. कार्यकर्त्यांनी कंपन्यांचे वार्षिक अहवाल मिळवावेत, त्यातील ते एक प्रमाण शोधावे आणि कामगारांच्या सभेत मोठ्याने वाचून दाखवावे. लढ्याची सुरुवात तेथून होऊ शकते.