माती गेली कुठे?

पुलाचा विषय निघाला की आपण खांब, कमानी आणि गर्डर यांच्याबद्दल बोलतो. पुलाला रस्त्याशी जोडणारा मातीचा भराव मात्र कुणाच्या खिजगणतीत नसतो. माझे म्हणणे असे की, पुलाची तपासणी या भरावापासून सुरू व्हावी आणि तिचा पहिला प्रश्न ‘तडा किती रुंद?’ असा नसून ‘माती गेली कुठे?’ असा असावा. ४ ऑगस्ट २०१५च्या रात्री हरदा जिल्ह्यात माचक नदीजवळ कामायनी एक्सप्रेस आणि जनता एक्सप्रेस या दोन्ही गाड्या घसरल्या, कारण अचानक आलेल्या पुराने मोरीजवळची रुळांखालची माती-खडी धुऊन नेली होती. अशी माती एका रात्रीत जाते, तशीच ती वर्षानुवर्षे गुपचूपही जात असते. पुलाच्या टोकाच्या भिंतीमागे पावसाचे पाणी मुरते आणि भिंतीतल्या छिद्रांवाटे बाहेर पडते. आत वाळू-खडीचा गाळणथर नसेल, तर ते बारीक कण सोबत घेऊन जाते. पोकळी वाढते, पण वरचा काँक्रीटचा स्लॅब तिच्यावर झाकणासारखा बसून राहतो. कन्हार ही काळी चिकणमाती आणि भाटा ही मुरमाड माती, यांतला फरक रायपूरकरांना सांगायला नको. उन्हाळ्यात भेगाळणारी आणि पावसात फुगणारी कन्हार भरावात वापरली, तर त्या भेगाच पाण्याला वाट करून देतात.

यावर अनुभवी मंडळी म्हणतील, नवा भराव थोडा दबणारच, डांबर टाकले की झाले. हे निम्मे खरे आहे. दबणारा भराव वर्षागणिक कमी दबत जातो. माती निसटत असेल, तर तोच खड्डा दर पावसाळ्यानंतर पुन्हा उघडतो. हा फरक ओळखण्याचा पुरावा आपण डांबराखाली स्वतःच पुरून टाकतो. दुसरा आक्षेप असा की पावसाळ्यापूर्वी तपासणी होतेच. महाडचा सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल २ ऑगस्ट २०१६ रोजी वाहून गेला. त्याच वर्षीच्या मे महिन्यात तो तपासून सुरक्षित ठरवला होता, असे सरकारनेच सांगितले होते. पूर ऐन भरात असताना पायाभोवती खोल खड्डा पडतो आणि ओसरताना तोच गाळाने भरतो. कोरड्या पात्रात नुसते डोळ्यांनी पाहणाऱ्याला तो दिसणार कसा?

राहिला पैशांचा मुद्दा. प्रत्येक लहान पुलावर जमिनीखालची पोकळी शोधणारे रडार फिरवणे परवडणार नाही, हे मान्य. पण डांबर टाकण्यापूर्वी रस्त्याची पातळी मोजून नोंदवणे, स्लॅबवर हातोडा ठोकून पोकळ आवाज ऐकणे आणि छिद्रांतून येणारे पाणी गढूळ आहे का ते भर पावसात पाहणे, याला कितीसा खर्च येतो? जिथे संशय बळावेल, तिथेच यंत्र न्यावे आणि भराव खणून पाहावा. म्हणून आपली मागणी साधी असावी: पुलाच्या तोंडाशी पडलेला खड्डा, त्याचे कारण नोंदवल्याशिवाय कुणीही बुजवू नये.